वॉकर, व्हीलचेअर आणि ममी : ‘बब्बा हो-टेप’चं प्रकरण

गोष्ट एका दमात सांगून बघा. पूर्व टेक्सासातल्या एका कळकट वृद्धाश्रमात रॉक अँड रोल गायकांचा ‘राजा’ एल्विस प्रेस्ली जिवंत आहे. त्याच वृद्धाश्रमात, आपण अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी आहोत असं सांगणारा जॅक नावाचा एक म्हातारा राहतो, आणि तो कृष्णवर्णीय आहे. रात्री काउबॉय हॅट आणि बूट घातलेली एक इजिप्शियन ममी येते आणि झोपलेल्या म्हाताऱ्यांचे आत्मे शोषून नेते, तेही पार्श्वभागातून. मग एक वॉकरवाला आणि एक व्हीलचेअरवाला मिळून तिचा बंदोबस्त करायला निघतात. एवढं ऐकल्यावर समोरचा एकतर खो-खो हसेल किंवा घड्याळ बघेल. खिशात हात घालून पैसे काही काढणार नाही.

डॉन कॉस्करेलीने तरीही हा सिनेमा केला. साल २००२, लांबी ९२ मिनिटं, खर्च साधारण १० लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात हे चहापाण्याचे पैसे. मी तो पहिल्यांदा लावला तो ‘काहीतरी वात्रट बघू’ म्हणून, आणि शेवटची दहा मिनिटं गप्प बसून पाहिली. नंतर तीन-चारदा पाहिला, दरवेळी हेच शोधायला की हसू नेमकं कुठल्या जागी विरतं. हे टिपण त्या शोधाचं. शेवटही यात सांगितलाय, तेव्हा ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कॉस्करेलीने एक पथ्य कडक पाळलं : पडद्यावरच्या मुख्य माणसांपैकी कुणालाही ‘आम्ही गंमत करतोय बरं का’ असं प्रेक्षकाला सुचवू दिलं नाही. गोष्ट शंभर टक्के आचरट आणि वागणं शंभर टक्के खरं. सिनेमातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी या पथ्यातून आल्या, आणि काही निव्वळ पैसे नव्हते म्हणून आल्या.

कागदावर काय होतं

मूळ दीर्घकथा जो आर. लॅन्सडेलची. हा लेखक पूर्व टेक्सासचाच, नॅकडोचेस गावात राहणारा. भयकथा, वेस्टर्न, गुन्हेकथा असं सगळं एकाच टोपात शिजवणारा. ही गोष्ट १९९४ साली एका कथासंग्रहात आली, आणि तो अख्खा संग्रह एल्विसच्या मरणानंतरच्या एल्विसबद्दल होता. असा संग्रह निघू शकतो यातच सगळं आलं. एल्विस १६ ऑगस्ट १९७७ रोजी मेम्फिसच्या राहत्या घरी गेला, वयाच्या ४२ व्या वर्षी. पण तो गेलाच नाही, अमुक पेट्रोल पंपावर दिसला, तमुक गावात नाव बदलून राहतो, अशा वावड्या अमेरिकेत पुढे कित्येक वर्षं उठत राहिल्या. नेताजींच्या बाबतीत आपल्याकडे जे झालं, ते त्यांच्याकडे एका गायकाच्या बाबतीत झालं.

नावातही खोडी आहे. ‘बब्बा’ ही अमेरिकेच्या दक्षिणेतली घरगुती हाक. भाऊ, दादा, गावातला आडदांड पण आपला माणूस. ‘होतेप’ हा प्राचीन इजिप्तच्या नावांचा शेपटीकडचा तुकडा, इम्होतेप, अमेनहोतेप वगैरे. अर्थ शांत, तृप्त. म्हणजे साधारण ‘बापू अमेनहोतेप’ म्हणावं तसं. ही ममी टेक्सासात आली कशी? चोरीचा माल म्हणून. ती नेणारी बस वादळात नदीत कोसळली आणि ममी त्या खाडीकाठच्या आश्रमाची कायमची शेजारीण झाली. हॅट आणि बूट तिने तिथल्या रिवाजाप्रमाणे उचलले असावेत.

एल्विसची कैफियत अशी. प्रसिद्धीचा, गोळ्यांचा आणि भोवतालच्या खुशमस्कऱ्यांचा कंटाळा आला म्हणून त्याने सेबॅस्टियन हाफ नावाच्या, एल्विसची नक्कल करून पोट भरणाऱ्या माणसाशी जागा बदलली. वाटेल तेव्हा परत येता येईल असा करारही केला. तो कागद जळाला. १९७७ साली मेला तो हाफ. खरा एल्विस गावोगावी एल्विसची नक्कल करत हिंडला, एका कार्यक्रमात कंबर हलवताना स्टेजवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, कोमात गेला आणि जागा झाला तो या पलंगावर. स्वतःचीच नक्कल करताना माणूस जायबंदी होतो, हे लॅन्सडेलला सुचलं तिथेच गोष्टीला पाय फुटले असं मला वाटतं.

आता यातला फार महत्त्वाचा निर्णय बघा. हे सगळं आपल्याला सांगतं कोण? तो स्वतःच. फ्लॅशबॅक आहेत, पण ते त्याच्या आवाजावर चालतात. नर्स त्याला ‘मिस्टर हाफ’ म्हणते, लहान मुलाला समजवावं तशी हो ला हो करते. बाहेरचा एकही साक्षीदार सिनेमा आणत नाही. स्वतःला केनेडी म्हणवणाऱ्या जॅकचंही तेच. त्याच्या मते डॅलसच्या गोळीबारातून तो वाचला, मेंदूचा काही भाग काढून डोक्यात वाळूची पिशवी भरण्यात आली आणि ओळखू येऊ नये म्हणून त्याला रंगवून काळं केलं गेलं. एल्विस हे ऐकतो तेव्हा त्याला हा म्हातारा भ्रमिष्ट वाटतो. म्हणजे ज्याच्यावर जगाचा विश्वास नाही, तोही शेजाऱ्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. पुढे जाऊन तो ठेवतो. पुरावा सापडला म्हणून नव्हे, तर एकदा एकत्र लढायचं म्हटल्यावर कुणाचं खरं नाव काय, हा प्रश्न मागे पडतो म्हणून.

दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने शेवटी कुणाच्या तरी हातात जुना फोटो किंवा बोटांचे ठसे ठेवले असते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून घरी गेला असता. कॉस्करेलीने ती खिडकी उघडलीच नाही.

दोन नट, दोन वयं

एल्विस झाला ब्रूस कॅम्पबेल. भयपटांच्या चाहत्यांना हे नाव सांगावं लागत नाही. १९८१ च्या ‘एव्हिल डेड’पासून रक्तात न्हालेला, हनुवटी पुढे काढून बरळणारा नायक म्हणजे तो. जन्म १९५८ चा. म्हणजे सिनेमा आला तेव्हा तो चव्वेचाळिशीत होता, खरा एल्विस ज्या वयात गेला त्याच्या जेमतेम पुढे. त्याला चढवायचं होतं सत्तरीच्या उंबरठ्यावरचं शरीर. रबराची कातडी, काळा रंग फासलेले केस, तो प्रसिद्ध मोठा चष्मा. एवढ्या सामानाखाली नट सहज गडप होतो. शिवाय एल्विसची नक्कल ही अमेरिकेत रस्त्यावर मिळणारी वस्तू. ओठ वाकडा करून दोन शब्द बोलले की झालं. कॅम्पबेलने आवाज ठेवला, पण त्यातली हवा काढून टाकली. कुरकुरणारा, झोपेतून उठल्यासारखा, दम लागलेला आवाज. तो पलंगावरून उठतो तेव्हा आधी एक पाय खाली सोडतो, मग थांबतो, मग हात टेकतो. आमच्या घरी आजोबा शेवटची तीन वर्षं वॉकरवर होते. वॉकर पुढे, टक्, पाय, फरफट, मध्ये श्वास. फरशीवरचा हा ताल ज्याने रात्री शेजारच्या खोलीत झोपून ऐकलाय, त्याला कॅम्पबेलच्या चालीत खोट सापडणार नाही.

आणि केनेडी झाले ऑसी डेव्हिस. इथे मात्र जरा रेंगाळावं लागेल.

डेव्हिस १९१७ चे. केनेडींचं जन्मसालही तेच, १९१७. म्हणजे हा ‘केनेडी’ निदान वयाने तंतोतंत खरा. डेव्हिस नुसते नट नव्हते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात, जिथे मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते ‘आय हॅव अ ड्रीम’ भाषण झालं, तिथे सूत्रसंचालन करणाऱ्यांत डेव्हिस आणि त्यांच्या पत्नी रूबी डी होते. त्या दिवशी संध्याकाळी मोर्चाचे नेते व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष केनेडींना भेटले. तीन महिनेही झाले नाहीत तोच, २२ नोव्हेंबरला, डॅलसला केनेडींना गोळी लागली. पुढे सव्वा वर्षाने कृष्णवर्णीयांचे जहाल नेते माल्कम एक्स यांची हत्या झाली तेव्हा अंत्यविधीचं भाषण डेव्हिसनी केलं. असा माणूस ८४ व्या वर्षी, बिनभांडवली भयपटात, व्हीलचेअरवर बसून सांगतो की त्यांनी मला रंगवून काळं केलं हो, इतके हुशार आहेत ते.

हे वाक्य ते ज्या गंभीरपणे म्हणतात, ते बघण्यासारखं आहे. भुवईसुद्धा हलत नाही. सभागृहात हशा येतो, पण त्या हशाच्या तळाशी काहीतरी टोचतं. टेक्सासातल्या आश्रमात एक काळा म्हातारा म्हणतोय, मी या देशाचा अध्यक्ष होतो, आणि कुणी ऐकत नाही. विनोद कुणावर झाला? म्हाताऱ्यावर, की त्याला तपासून न बघताच वेडा ठरवणाऱ्यांवर? डेव्हिस उत्तर देत नाहीत. ते फक्त अध्यक्षासारखे बसतात. खोलीत डॅलसच्या त्या चौकाची प्रतिकृती मांडलेली, भिंतीवर संशयितांचे फोटो, अंगावर व्यवस्थित सूट. कुणाकडे बोट दाखवायचं तर तेही सभेत दाखवतात तसं.

त्यांच्या जागी एखादा विनोदी नट असता तर ही भूमिका पहिल्या पाच मिनिटांतच संपली असती.

आश्रम नावाची शिकारीची जागा

ममीने इथेच तळ का ठोकला, याचं उत्तर जॅक देतो आणि ते ऐकून हसू येत नाही. इथले आत्मे लहान आहेत, थकलेले आहेत, फार पोषण नाही; पण इथे कुणी मेलं तर चौकशी होत नाही. वृद्धाश्रमात माणूस सकाळी उठला नाही, यात बातमी काय? दोन पोरगेलेसे शववाहकवाले येतात, गप्पा मारत स्ट्रेचर ढकलतात, एकदा तर मुडदा झुडपात पाडतात आणि शिव्या घालत पुन्हा उचलतात. ममी दुष्ट आहे खरी, पण तिचं काम सोपं करून ठेवलंय ते आधीच इथे नांदणाऱ्या बेफिकिरीने.

भयपटाची ही चौकट कॉस्करेलीला परकी नव्हती. त्याचा १९७९ चा ‘फँटॅझम’ अंत्यविधीगृहातल्या उंचाड्या माणसाभोवती फिरतो, आणि त्या सिनेमातला रेजी बॅनिस्टर इथे आश्रमाचा व्यवस्थापक म्हणून येऊन जातो. मरणाचा धंदा करणारी माणसं हा कॉस्करेलीचा जुना जिव्हाळ्याचा विषय. फरक एवढाच की ‘फँटॅझम’मध्ये मरणाला घाबरणारा पोरगा होता, इथे मरणाची रांग लावून बसलेली माणसं आहेत.

आता तो प्रसंग, ज्यासाठी मी सिनेमा पुन्हा पुन्हा मागे नेला.

एल्विसच्या शेजारच्या पलंगावरचा म्हातारा गेलाय. ही छोटी भूमिका हॅरिसन यंगची. चार वर्षांपूर्वी स्पीलबर्गच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या युद्धपटात कबरस्तानात उभा असलेला म्हातारा रायन तोच. इथे त्याची मुलगी सामान न्यायला येते. इतक्या वर्षांत ती कधी फिरकलेली नाही. खोकं उघडते, फोटो काढते, कचऱ्यात टाकते. मग एक पदक निघतं, पर्पल हार्ट. युद्धात जखमी झालेल्या किंवा कामी आलेल्या सैनिकाला मिळतं ते. तेही कचऱ्यात. पलंगावरचा एल्विस हळूच विचारतो, ते मी ठेवू का? ती देते. तिला काही वाईट वाटत नाही, चांगलंही वाटत नाही.

याच्या मधोमध एक क्षण आहे. मुलगी खाली वाकते, स्कर्ट वर जातो, एल्विसची नजर जाते. तिच्या ते लक्षात येतं, आणि ती सावरून घेत नाही. घ्यावंसं तिला वाटतच नाही. खोलीत मांजर बसलं असतं तर आपण जसं वागलो असतो, तशी ती वागते. आणि ज्याच्यासाठी कधीकाळी बायका किंचाळत बेशुद्ध पडत, त्याला तेव्हा कळतं की आपण आता पुरुषांच्या मोजणीतही नाही. हा प्रसंग वात्रट म्हणून सुरू होतो. थिएटरभर लोक हसायला तोंड उघडतात आणि ते तसंच अर्धं उघडं राहतं.

आपल्या पडद्यावर वृद्धाश्रम आला की मागे सनई रडते, एखादी निष्ठुर सून दिसते आणि म्हातारा देवासारखा क्षमाशील असतो. त्या म्हाताऱ्याला लघवीला त्रास होतो का, त्याच्या मनात अजून बाईचा विचार येतो का, तो स्वतः बाप म्हणून कसा होता, हे कुणी विचारत नाही. या सिनेमातला एल्विस गुप्तांगावरच्या गाठीला घाबरून आहे, नर्स रोज त्यावर मलम लावते आणि तो चेष्टा करून लाज झाकतो. गाठ कॅन्सरची असावी, अशी त्याला खात्री आहे. आणि पडल्या पडल्या तो मोजत असतो ती पापं : बायकोशी नीट वागलो नाही, लेकीला सोडून आलो, तिला भेटायचा धीर नाही. पडद्यावर नायक झालो, पण ते सिनेमे भिकार होते आणि नायकपण खोटं. प्रायश्चित्ताची ही भूक ममी येण्याच्या आधीपासूनची. ममीने फक्त तारीख ठरवून दिली.

त्यातून लढाया होतात. पहिली एका किड्याशी, बुटाएवढ्या भुंग्याशी. हत्यारं काय, तर बेडपॅन, काटा आणि खोलीतला हीटर. कॅम्पबेल ही मारामारी अशी करतो की प्रत्येक फटक्यात त्याचा खुबा दुखतोय हे आपल्याला कळतं. आणि भुंगा मेल्यावर, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या चेहऱ्यावर रंग येतो. पुढे संडासाच्या भिंतीवर ममीने खरडलेली चित्रलिपी जॅक उतरवून घेतो, पुस्तक उघडून अर्थ लावतो. हजारो वर्षांचं गूढ उकलणार म्हणून आपण सावरून बसतो. निघतो तो एसटी स्टँडच्या मुतारीतल्या दर्जाचा मजकूर, फॅरो आणि क्लिओपात्राच्या नावाने. दोन म्हातारे तो मजकूर शिलालेख वाचावा तसा वाचतात. हे पथ्य मी वर म्हणालो ते.

स्वतःला लोन रेंजर, म्हणजे जुन्या वेस्टर्न मालिकांतला मुखवटेवाला नायक, समजणारा किमोसाबे नावाचा आणखी एक रहिवासी आहे. चेहऱ्यावर काळा मुखवटा, हातात खेळण्यातली पिस्तुलं. रात्री कॉरिडॉरमध्ये तो ममीच्या आडवा उभा राहतो आणि फटाफट टिकल्या उडवतो. टिकल्या संपतात, हृदय थांबतं. मरतो, पण पाठ फिरवत नाही. या मरणावर हसू नये असं सिनेमा कुठेही सांगत नाही, तरी हसू येत नाही.

गाण्याशिवाय एल्विस

एल्विसच्या सिनेमात एल्विसचं एकही गाणं नाही. कारण सरळ : हक्कांचे पैसे. १० लाखांच्या सिनेमात एकेका गाण्याचा परवाना बजेटला भगदाड पाडून गेला असता. कॉस्करेलीने तेव्हा तरुण असलेल्या ब्रायन टायलरकडून गिटारवरची एक दमदार, किंचित उदास धून करून घेतली आणि तीच सिनेमाभर फिरवली. (हा टायलर पुढे मार्व्हलच्या अवाढव्य सिनेमांना संगीत द्यायला लागला.)

मला हे नुकसान वाटत नाही. समजा, वृद्धाश्रमातल्या दृश्यावर मूळ आवाजातलं एखादं गाजलेलं गाणं वाजलं असतं. तो तिशीतला, तजेलदार आवाज कानावर पडताच ‘हा खरा एल्विस की हाफ’ या प्रश्नाचा निकालच लागला असता; निदान कॅम्पबेलचा थकलेला आवाज त्यापुढे नकली ठरला असता. गाणं नाही म्हणून एल्विस हा गाणारा राहत नाही, गाणं हरवलेला माणूस होतो. दिग्दर्शकाने हे आधी ठरवलं होतं असा माझा दावा नाही. खिसा रिकामा होता आणि त्याने रिकाम्या खिशाशी भांडण केलं नाही, एवढंच.

ममीचंही तसंच. पोशाख आणि रंगभूषा केएनबी या नामांकित मंडळींची, आत स्टंटमन बॉब आयव्ही. काम झकास. पण मोठे हल्ले, पळापळ, कोसळत्या इमारती यातलं काही परवडणारं नव्हतं. त्यामुळे ममी बहुतेक वेळ कॉरिडॉरच्या टोकाला, मागून प्रकाश येतोय, हॅटची कड दिसतेय, अशी उभी. वेग नाही. आणि लढणाऱ्यांनाही वेग नाही. शेवटच्या लढाईला एल्विस पांढरा चमचमता जंपसूट चढवतो, जॅक विजेच्या व्हीलचेअरवर बसतो, आणि दोघं घरी जुळवलेला आगीचा फवारा घेऊन निघतात. कॅमेरा त्यांना संथ गतीत दाखवतो. साध्या मारधाडपटात ही युक्ती गुळगुळीत झालेली, पण इथे गंमत अशी की संथ गती लावली काय आणि न लावली काय, फारसा फरक पडत नाही.

नदीकाठी जॅक पडतो. एल्विस त्याच्याच व्हीलचेअरवरून ममीवर चालून जातो, दोघं गडगडत खाली येतात, ममी जळते. एल्विसही वाचणार नाही. तो पाठीवर पडून आकाशाकडे बघतो, तारे सरकून चित्रलिपीतली अक्षरं होतात आणि खाली अनुवाद उमटतो : सगळं ठीक आहे. मगाशी याच लिपीतून मुतारीतला मजकूर निघाला होता. एल्विस आपल्या जुन्या स्टेजवरच्या लकबीत आभार मानतो. विनोद म्हणून हजारदा वापरून झालेली ती लकब इथे खरंच कुणाचे तरी आभार मानण्यासाठी आलेली असते.

बत्तीस प्रिंट

सिनेमा झाला, पुढे काय? २००२ च्या टोरांटो महोत्सवात मध्यरात्रीच्या विभागात दाखवला, लोकांनी उचलून धरला. वितरक मात्र मागे सरकले. कारण समजण्यासारखं आहे. भयपट घेणाऱ्याला तरुण मुलं-मुली लागतात; इथे नायकांच्या वयाची बेरीज दीडशेच्या घरात. विनोदी म्हणून विकावा तर पोस्टरवर ममी. म्हाताऱ्यांच्या भावनिक सिनेमाच्या फळीवर ठेवावा, तर पहिल्या दहा मिनिटांतली भाषा ऐकून ते प्रेक्षक उठून जाणार.

मग व्हिटाग्राफ फिल्म्स या छोट्या कंपनीच्या साथीने सिनेमा गावोगाव फिरवायचं ठरलं. प्रिंट काढल्या फक्त ३२. हा आकडा समजून घ्यायला हवा, कारण आता सगळं हार्ड डिस्कवर चालतं. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. ९२ मिनिटं म्हणजे ८,२८० फूट, अडीच किलोमीटरची पट्टी, पाच रिळं, पत्र्याचे जड डबे. मोठा हॉलिवूडपट तेव्हा तीन हजारांवर पडद्यांवर एकदम लागायचा, म्हणजे तितके डबे एकाच दिवशी जागेवर. इथे ३२ डबे एका शहरातून दुसऱ्या शहरात. एका गावात चालला, तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं, डबा पुढच्या गावी. दिग्दर्शक स्वतः खेळांना हजर राहून बोलायचा. २००३ चा सप्टेंबर उजाडला आणि मग ही फेरी सुरू झाली. जत्रेमागून जत्रा करणाऱ्या आपल्याकडच्या टूरिंग टॉकीजवाल्यांना यात नवल वाटलं नसतं.

एकूण गल्ला झाला सुमारे १२ लाख डॉलर. ऐकायला खर्चाहून जास्त, पण गल्ल्यातला साधारण निम्मा वाटा थिएटरचा असतो. म्हणजे निव्वळ तिकिटांवर हा सिनेमा तोट्यातच होता. त्याला खरं आयुष्य मिळालं ते २००४ च्या डीव्हीडीने, जी एमजीएमसारख्या बड्या कंपनीने काढली. त्या डीव्हीडीवर दिग्दर्शक आणि नटाच्या नेहमीच्या समालोचनासोबत आणखी एक समालोचन आहे : कॅम्पबेल एल्विस बनून, म्हणजे ‘राजा’ म्हणून, सिनेमा पहिल्यांदाच बघतोय अशा थाटात तोंड चालवत बडबडतो. सिनेमात न केलेली सगळी थट्टा तिथे करून घेतली आहे. थट्टेची जागा सिनेमाबाहेर आहे, हे याला नेमकं कळलं होतं. भयकथांसाठी दिलं जाणारं ब्रॅम स्टोकर पारितोषिकही, २००३ चं, पटकथेसाठी, कॉस्करेलीला मिळालं.

जे जमलं नाही

मधली वीसेक मिनिटं रेंगाळतात. भुंगा मेल्यापासून ते चित्रलिपी वाचेपर्यंत दोन म्हातारे खोलीत बसून एकमेकांना माहिती सांगत राहतात. डेव्हिसचा आवाज नसता तर मी तिथे दोनदा चहा करून आलो असतो. बायकांच्या बाबतीत हात आखडताच. नर्सच्या भूमिकेत एला जॉइस फर्मास आहे, पण तिला स्वतःचं असं काही नाही. आश्रमातल्या म्हाताऱ्या बायका तर फक्त बळी जाण्यापुरत्या. एल्विसला प्रायश्चित्त हवं ते बायको आणि लेकीच्या बाबतीतलं, आणि सिनेमात बाई मात्र कुणीच पुरती नाही, ही खटकणारी गोष्ट आहे. शिवाय पार्श्वभागाचा विनोद दोनदा चालतो, चौथ्यांदा नाही.

शेवटच्या श्रेयनामावलीत पाटी येते की एल्विस परत येणार, आता पिशाचिणींशी लढायला. ते थट्टेत लिहिलं होतं, पण नंतर खरोखर जुळवाजुळव सुरू झाली, पॉल जियामाटीसारखा नट उत्सुक होता. कॅम्पबेलने अंग काढून घेतलं. कॉस्करेली आणि जियामाटी यांनी २०१२ साली वेगळाच सिनेमा एकत्र केला. पिशाचिणींचा राहिला तो राहिलाच.

जॅकला त्यात जागा नव्हतीच, तो नदीकाठी संपला होता. ऑसी डेव्हिस मात्र काम करत राहिले. २००४ च्या डिसेंबरात त्यांना आणि रूबी डी यांना केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. हो, त्याच केनेडींच्या नावाचा. दोन महिन्यांनी, ४ फेब्रुवारी २००५ रोजी, मायामी बीचमधल्या हॉटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले. वय ८७. तिथे ते एका सिनेमाच्या चित्रीकरणासाठी गेले होते. सिनेमाचं नाव होतं ‘रिटायरमेंट’.